भिंतींच्या आधी घर

ऑगस्टच्या अखेरीस, मध्य मंगोलियातल्या ओर्खोन नदीच्या खोऱ्यात, एका पशुपालक कुटुंबाचे बिऱ्हाड उन्हाळी मुक्कामावरून शरदाच्या मुक्कामावर येऊन उतरताना पाहायला मिळाले. छोट्या निळ्या ट्रकमधून आधी लाकडी फळ्यांची जमीन उतरली आणि गवतावर जुळवली गेली. तिच्या मधोमध लोखंडी चूल बसली. मग दोन पलंग, नारिंगी रंगावर नक्षी काढलेल्या पेट्या, आरशाचे कपाट, देवाच्या तसबिरी, पातेली अशी एकेक वस्तू उघड्या माळावर, कोणी कोणाला काही न विचारता, आपापल्या जागी जाऊन बसली. गेरचे, म्हणजे तिथल्या उचलून नेता येणाऱ्या गोल तंबू-घराचे, दार बुटके असते, मोठे सामान मागाहून आत जात नाही, म्हणून संसार आधी मांडायचा आणि घर त्याच्याभोवती उभे करायचे, हे कारण नंतर कळले. त्या वेळी मात्र समोर चारी बाजूंना क्षितिजापर्यंत गवत, वर लखलखीत आभाळ, आणि मध्ये एक सबंध संसार भिंतींशिवाय मांडलेला, एवढेच दिसत होते. घरातली म्हातारी पूर्वेकडच्या पलंगावर बसून वाऱ्याने उडणारा रुमाल सावरत होती. तिचा मुलगा दाराची चौकट धरून उभा होता आणि चौकटीच्या एका अंगाला भिंतीच्या जाळीचा पहिला तुकडा बांधण्याचे काम चालले होते. तेवढ्यात आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा पश्चिमेकडून पाण्याची बादली घेऊन आला. चूल त्याच्यापासून चार पावलांवर होती आणि मध्ये कसलाही अडसर नव्हता. तरीही तो वळसा घालून दक्षिणेला गेला, एकट्या उभ्या असलेल्या चौकटीतून, उंबरठ्याला पाय न लावता आत आला, आणि बादली चुलीपाशी ठेवून त्याच वाटेने बाहेर पडला. कोणाचेही तिकडे लक्ष गेले नाही.

भिंत नव्हती, आणि तरी तो तिच्यातून गेला नाही.

या जीवनाविषयी बोलताना आपल्याकडे ‘मुक्त’ हा शब्द फार सहज येतो. ना कुंपण, ना सातबारा, वाटेल तेव्हा घर उचलावे आणि वाटेल तिकडे जावे, असे चित्र फोटोंनी आणि पर्यटनाच्या जाहिरातींनी रंगवून ठेवले आहे. त्या मुलाने घातलेला वळसा या चित्रात कुठेच बसत नव्हता आणि म्हणूनच तो मनात सलत राहिला. पुढच्या मुक्कामांत मी गेरमध्ये बसले, झोपले, जेवले, तेव्हा घराकडे आणि त्याच्या जोडीने कपड्यांकडे आणि अन्नाकडेही माझी नजर त्याच सलामुळे वळत राहिली.

गेरचे दार दक्षिणेला असते. उत्तर-पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याकडे पाठ आणि उन्हाकडे तोंड, हा त्यातला व्यवहार झाला; पण एकदा दाराची दिशा ठरली की आतली प्रत्येक जागा आपोआप ठरून जाते. दारातून आत पाहिले की डावीकडची, म्हणजे पश्चिमेची बाजू पुरुषांची आणि पाहुण्यांची. खोगीर, लगाम, घोडीच्या दुधाची कातडी पिशवी तिकडे टांगलेली असते. उजवीकडची पूर्वेची बाजू बायकांची, भांड्यांची, पिठाची. दाराच्या बरोबर समोर, उत्तरेला, मानाची जागा. तिला खोइमोर म्हणतात. देव, थोरामोठ्यांचे फोटो, मुलांना शर्यतीत मिळालेली पदके तिथे असतात आणि वडीलधारे तिथे बसतात. मधली चूल घराचा मालक असल्यासारखी वागवली जाते. तिच्याकडे पाय करायचे नाहीत, तिच्यात केरकचरा टाकायचा नाही. वरच्या गोल चक्राला आधार देणाऱ्या दोन खांबांच्या मधून जायचे नाही आणि त्यांच्या मधून कोणाला वस्तूही द्यायची नाही. साधारण सहा मीटर व्यासाच्या त्या वर्तुळात तीन पिढ्या राहतात. कोपरा नाही, आडोसा नाही, आतली खोली नाही. मग कोणी कुठे बसायचे, कुठून वळायचे, काय कुठे ठेवायचे, हेच तिथले आडोसे होतात. दर मोसमात जागा बदलते, पण अंधारात हात लांब केला की कढई जिथे असायची तिथेच असते, मग ते कोणतेही खोरे असो.

विल्यम ऑफ रुब्रुक हा फ्रान्सिस्कन धर्मगुरू १२५३ ते १२५५ या काळातल्या प्रवासात मंगोल सम्राट मोंगके खानाच्या दरबारात, याच मुलखात, आला होता. खानाची राजधानी काराकोरम याच ओर्खोनच्या खोऱ्यात होती. त्याने चाकांवर चढवलेली घरे पाहिली, आणि अशा एकेका गाड्याला जुंपलेले बावीस बैल मोजून ठेवले. मला मात्र त्याच्या हकिकतीतला दुसराच प्रसंग आठवत होता. खानाच्या भेटीनंतर बाहेर पडताना त्याचा सोबती उंबरठ्याला अडखळला आणि पहारेकऱ्यांनी त्याला तिथेच धरले. परक्यांना नियम सांगितलेला नव्हता म्हणून तो सुटला, पण खानाच्या निवासात त्याला पुन्हा प्रवेश मिळाला नाही. सुमारे पावणेआठशे वर्षांनी एक लहान मुलगा त्याच मुलखात, घर उभे राहण्याच्या आधी, तोच उंबरठा सांभाळून ओलांडत होता. मध्यंतरी साम्राज्य गेले, मांचूंची सत्ता आली नि गेली, मठ उभे राहिले आणि १९३०च्या दशकात पाडले गेले, पशुधन सहकारी संस्थांत जमा झाले आणि १९९०नंतर पुन्हा घराघरांत वाटले गेले. उंबरठ्याच्या वाट्याला यांतले काहीच आले नाही.

गेर उभे राहायला फार वेळ लागत नाही, पण ते पाहताना घाई दिसत नाही. विलोच्या काठ्यांची जाळी, जिला खन म्हणतात, मिटलेल्या अवस्थेत ट्रकवरून उतरते आणि ओढली की उघडत जाते. तिच्या काठ्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे चामड्याच्या वादीच्या गाठी असतात. असे चार-पाच तुकडे जोडून वर्तुळ पूर्ण होते. मग दोघेजण खांबांवर तोनो, म्हणजे छताचे लाकडी चक्र, उचलून धरतात, आणि बाकीचे नारिंगी रंगवलेल्या लांब काठ्या एक टोक चक्राच्या भोकात आणि दुसरे जाळीच्या वरच्या कडेला अडकवत फिरतात. पहिल्या काही काठ्यांपर्यंत सगळे डुगडुगते. नंतर एका क्षणी, नेमके कोणत्या काठीनंतर ते मला सांगता येणार नाही, ते स्वतःच्या ताणावर उभे राहते. एक खिळा नसतो. त्यावर लोकरीचा नमदा, वरून पांढरे कापड, आणि सभोवती घोड्याच्या केसांचे दोर. वाऱ्याला अडवायला कोपरा नाही; तो घराला चाटून पुढे जातो. तोनोच्या मध्यातून एक दोर खाली लोंबतो आणि एरवी तो छताच्या काठ्यांत खोचलेला असतो. वादळ आले की त्याला जड वजन बांधून घर जमिनीशी धरून ठेवतात. उन्हाळ्यात नमद्याची खालची कड वर गुंडाळली की गवताचा वास थेट उशाशी येतो, आणि हिवाळ्यात नमद्याचे दोन-तीन थर चढतात. तोनोतून पडणारा उन्हाचा कवडसा दिवसभर आतून फिरतो, आणि तो कुठल्या काठीवर, कुठल्या पेटीवर आला यावरून दुधाची वेळ ओळखणाऱ्या बायका अजूनही आहेत, मनगटावर घड्याळ आणि हातात मोबाइल असूनही.

नमदा करणे हे वेगळेच कष्टाचे काम. कातरलेली लोकर काठ्यांनी झोडायची, जुन्या नमद्यावर थरांनी पसरायची, पाणी शिंपडायचे, मग सगळे गुंडाळून कातड्यात बांधायचे आणि घोड्यामागे माळावर फरफटत न्यायचे. ज्या जुन्या नमद्यावर नवा घालतात त्याला आई म्हणतात. आता कारखान्यात तयार झालेला नमदाही सर्रास मिळतो, आणि ज्यांनी लोकर झोडली आहे त्यांना त्याचे दुःख आहे असे मला मुळीच दिसले नाही. २०१३ मध्ये गेर बांधण्याच्या कौशल्याचा युनेस्कोच्या यादीत समावेश झाला, याचा अभिमान मात्र दुभाष्या मुलीने आवर्जून बोलून दाखवला.

रात्री मला झोप लागत नसे. चूल तापली की घाम येई आणि विझली की नाकाचा शेंडा गार पडे. जळणासाठी अर्गाल, म्हणजे गुरांचे वाळलेले शेण. आपल्याकडच्यासारख्या गोवऱ्या थापाव्या लागत नाहीत. कोरड्या हवेत ते माळावर जागच्या जागी वाळते आणि बायका-मुले पाठीवर टोपली बांधून, लाकडी पंज्याने ते मागे भिरकावत गोळा करतात. त्याचा धूर सौम्य, किंचित गवती असतो. त्यात लोकर, आंबलेले दूध, मटणाची चरबी आणि माणसे यांचे वास मिसळून जो एक वास तयार होतो, तो कपड्यांना आणि केसांना धरून राहतो. तो मला आवडला की नाही हे मी अजून ठरवू शकलेले नाही. सहा-सात माणसांचे श्वास ऐकत पडून राहताना, या घरात कोणाला एकट्याने रडायचे असेल तर ते कुठे जात असतील, असा विचार येई. उत्तर बाहेरच्या अंधारात होते. घर एवढे भरलेले आणि बाहेर एवढे रिकामे, आणि दोन्हींमध्ये बोटभर जाडीची लोकर.

कपड्यांतही हीच शिस्त. देल हा पायघोळ अंगरखा स्त्री-पुरुष दोघेही घालतात. त्याचा डावा पदर उजव्यावर येऊन उजव्या बाजूला, गळ्याशी, खांद्याशी आणि कुशीत, गुंड्यांनी बंद होतो. उन्हाळ्यासाठी पातळ, मधल्या ऋतूंसाठी अस्तराचा, हिवाळ्यासाठी आतून मेंढीचे कातडे लावलेला, असे त्याचे प्रकार आहेत. कमरेला काही मीटर लांबीचा रेशमी पट्टा घट्ट गुंडाळला की घोड्यावरच्या लांब रपेटीत पाठीला आणि पोटाला आधार मिळतो, आणि पट्ट्याच्या वर छातीपाशी जो घोळ तयार होतो तोच खिसा. पूर्वी पुरुष आपला लाकडी किंवा चांदी मढवलेला वाडगा त्यात बाळगत. आता मोबाइल, सिगारेटचे पाकीट आणि लहान मुलांसाठी गोळ्या. बाह्या हातापेक्षा लांब असतात, म्हणून हातमोजे नसले तरी लगाम धरलेली बोटे झाकली जातात. हिवाळी देलच्या बाहीला घोड्याच्या खुराच्या आकाराची घडी असते. एरवी ती वर दुमडलेली असते, पण वडीलधाऱ्यांना भेटताना ती खाली सोडायची, डोक्यावर टोपी हवी, आणि धाकट्याने आपले हात थोरल्याच्या हातांखाली, कोपरांना आधार देत धरायचे. रात्री तोच देल पांघरूण होतो. जिथे मैलोन्मैल एकही झुडूप नाही तिथे बाईमाणसाला आडोसाही तोच देतो, हे मला पहिल्याच दिवशी दुभाष्या मुलीने हसत हसत, प्रात्यक्षिकासह समजावले. त्यानंतर माझ्या महागड्या, अनेक कप्प्यांच्या पर्यटकी जाकिटाची मला थोडी कीव येऊ लागली. खाल्खा या मंगोल जमातीतल्या विवाहित स्त्रियांची शिंगांसारखी पसरवलेली केशरचना आणि तिचे चांदीचे भार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मागे पडले आणि आता ते संग्रहालयात दिसतात. देल टिकला, कारण त्याच्यावाचून घोड्यावर बसणे आणि थंडी सोसणे या दोन्ही गोष्टी अवघड होत्या.

अन्नाविषयी मी थोडे सविस्तर लिहिणार आहे, कारण सर्वांत जास्त अस्वस्थ आणि सर्वांत जास्त चकित मी तिथेच झाले. मंगोल जेवणाचे दोन भाग: पांढरे आणि लाल. उन्हाळ्यात दूध, हिवाळ्यात मांस. उन्हाळ्यात जनावरे चरून धष्टपुष्ट होत असताना त्यांना मारायचे टाळतात, आणि हिवाळ्यात ती आटलेली असतात तेव्हा दूध मागायचे नाही. घोडा, उंट, गाय किंवा याक, मेंढी आणि शेळी या पाच जनावरांवर हे सगळे उभे आहे. सकाळी चहा होतो. दाबलेल्या विटेतून फोडलेली चहाची पत्ती, पाणी, दूध आणि मीठ. ही चहाची वीट एके काळी बाजारात पैशासारखी चालत असे. घरातली बाई मोठ्या पळीने तो उंचावरून पुनःपुन्हा पातेल्यात ओतते. पहिला चहा माणसांचा नसतो. ती बाहेर जाऊन, नऊ खळगे कोरलेल्या लाकडी चमच्याने तो आभाळाकडे आणि चारी दिशांना शिंपडते, आणि मगच वाडगे भरले जातात. खारट चहाची मला सवय झाली, इतकी की नंतर गोड चहा काही दिवस ओशट लागला.

दुधाचे तिथे किती प्रकार होतात! मंद आचेवर तापवून, पळीने फेसाळून, रात्रभर ठेवलेल्या दुधावर जाड ओरोम येते; बोटभर जाडीची ती साय घडी घालून ठेवतात आणि भाकरीसारख्या तळलेल्या पिठाच्या तुकड्यावर पसरून खातात. विरजलेल्या दुधाचे दही, दह्याची दारू, दारू काढून उरलेला चोथा गाळून, दाबून, दोऱ्याने कापून त्याच्या वड्या. या आरूलच्या वड्या फळीवर मांडून गेरच्या छतावर वाळत घालतात आणि त्या दगडासारख्या कडक होतात. गुराख्याच्या देलच्या घोळात त्या असतातच. एक तोंडात टाकली की तास-दोन तास पुरते. यात वाया जाणारे काही मला सापडले नाही. आणि गंमत अशी की दुधावर जगणाऱ्या या समाजात, मोठेपणी दुधातली साखर पचवण्याची जनुकीय क्षमता फार थोड्यांकडे आढळते. आंबवताना ती साखर सूक्ष्मजीव खाऊन टाकतात. म्हणजे जे काम आतड्याने करायचे ते पिशवी करते.

ती पिशवी, खोखूर, गाईच्या कातड्याची, दाराजवळ पश्चिमेला टांगलेली. तिच्यात घोडीचे दूध आंबते आणि त्याचे आइराग होते. घोडी एका वेळी थोडेच दूध देते, म्हणून दिवसातून अनेकदा, दर दोनेक तासांनी, धार काढावी लागते. शिंगरू जवळ आणल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही, आणि बाई एका गुडघ्यावर बादली तोलून, घोडीच्या पायाला हाताचा वेढा घालून पिळते. पिशवीतल्या लाकडी रवीने ते हजारो वेळा ढवळायचे असते. येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यानेही दोन-चार हात मारायचे, अशी रीत आहे, आणि मला ती फार आवडली. यजमानांशी भाषा जुळत नसली तरी रवी फिरवता येते. चवीबद्दल रुब्रुकने लिहून ठेवले आहे की पिताना ते जिभेला झोंबते आणि नंतर बदामाच्या दुधाची चव मागे ठेवते. झोंबणे मला लगेच मान्य झाले. बदामासाठी मात्र मला बरेच वाडगे प्यावे लागले.

लाल अन्नाशी माझे तितके जमले नाही. मी मांस खाते, पण मसाल्याशिवाय, मिठापलीकडे काही नसलेले, चरबीसकट उकडलेले मटण रोज समोर आले की मन माघार घेते. भाजीबद्दल विचारले तर ते गवत जनावरांचे, असा विनोद ऐकायला मिळतो. तरी माळावरचा रानकांदा वेचून आणतात हेही पाहिले. पण मेंढी मारण्याची पद्धत मला विसरता येत नाही. तिला उताणे धरून छातीखाली छोटी चीर देतात आणि हात आत घालून मुख्य रक्तवाहिनी तोडतात. क्षणभरात ती शांत होते, आणि रक्ताचा एक थेंबही जमिनीवर पडू देत नाहीत. रक्त आतड्यात भरून शिजवतात, आतले अवयव त्याच दिवशी खातात, शेजारच्या गेरला वाटा जातो. खांद्याच्या फऱ्याचे मांस एकट्याने खायचे नाही, तुकडा कितीही लहान असला तरी हजर असलेल्या सगळ्यांत वाटायचा. हाडे चाकूने अशी साफ करतात की कुत्र्याने निराश व्हावे. घोट्याची हाडे मुलांच्या खेळात जातात. हिवाळ्याच्या तोंडाशी गाय किंवा याक मारून त्याच्या पट्ट्या थंड, कोरड्या हवेत टांगतात. वसंतापर्यंत त्या लाकडासारख्या हलक्या होतात आणि कुटून पाण्यात टाकल्या की त्यांचे सूप होते. या बोर्त्सवर पूर्वी सैन्ये चालली, आणि आज शहरातल्या वसतिगृहात राहणारी मुलेही तेच नेतात.

हे सगळे सांगताना मला एक गोष्ट झाकायची नाही. या सुंदर शिस्तीचा मोठा भार बाईच्या पाठीवर असतो. पहाटेची चूल, चहा, धारा, ओरोम, आरूल, जळण, शिवण. म्हातारी, जिला सगळे एमे म्हणजे आजी म्हणत, मला म्हणाली की उन्हाळ्यात पाहुणे फार येतात आणि सगळे म्हणतात किती शांत आहे इथे. ती हसली आणि उठून घोड्यांकडे गेली. आणि शिस्त पाळली म्हणून निसर्ग पाळेलच असेही नाही. उन्हाळा कोरडा गेला आणि त्यानंतर बर्फाचा कडक थर गवतावर बसला की त्याला झूद म्हणतात. २००९-१०च्या हिवाळ्यात अशा झूदमध्ये देशभरात ८० लाखांहून अधिक जनावरे मेली. ज्यांचे कळप संपले त्यांनी गेर ट्रकवर चढवले आणि ते उलानबातरला आले.

देशाची जवळजवळ निम्मी माणसे आता या एका शहरात आहेत, आणि त्यातला मोठा भाग उत्तरेकडच्या टेकड्यांवरच्या गेर-वस्त्यांत. लाकडी कुंपणांनी आखलेल्या चौकोनात एक गोल घर, कोपऱ्यात शौचाचा खड्डा, पाणी सार्वजनिक टाकीवरून ढकलगाडीने आणायचे. माळावर ज्या घराला काही मागे सोडावे लागत नाही, तेच घर एका जागी रुतल्यावर सगळे काही मागे सोडू लागते. जानेवारीत पारा उणे वीसच्या खाली असतो, आणि शेणाच्या जागी दगडी कोळसा आल्याने हिवाळ्यात शहरावर धुराचे झाकण बसते. २०१९च्या मे महिन्यात राजधानीत कच्चा कोळसा जाळण्यावर बंदी आली आणि त्याच्या जागी दाबलेल्या कोळशाच्या विटा आल्या. मी ज्या गल्लीत गेले तिथे रस्ता उत्तरेला होता, तरीही प्रत्येक गेरचे दार दक्षिणेलाच होते, आणि फाटकातून आलेला माणूस वळसा घालून दारापर्यंत जात होता.

दुभाषी मुलगी अशाच एका कुंपणात वाढली आणि आता सहाव्या मजल्यावर राहते. तिच्या सदनिकेला चार कोपरे, तीन खोल्या आणि खोलीखोलीतून वाहणारे गरम पाणी आहे. खोइमोर कुठे मानायचा यावर तिचे आणि सासूचे अजून एकमत झालेले नाही. नोव्हेंबरमध्ये गावाकडचे काका ट्रकवाल्याबरोबर हिवाळ्याचे मांस पाठवतात: एक सबंध गाय आणि काही मेंढ्या, पोत्यांत भरून. ते फ्रीजमध्ये मावत नाही आणि मावायची गरजही नसते. ती पोती उत्तरेकडच्या सज्जात रचून ठेवते आणि तिथे ती मार्चपर्यंत गोठलेली राहतात. बदल्यात इकडून पीठ, तांदूळ, चहाच्या विटा, औषधे आणि सौर पॅनेलची बॅटरी जाते, आणि काकांची धाकटी मुलगी शाळेसाठी वर्षभर तिच्याकडे राहते. ही मुलगी पहिल्या हिवाळ्यात रोज सकाळी चहाचा पहिला वाडगा घेऊन सज्जात जायची आणि पोत्यांवरून हात लांबवून तो खाली शिंपडायची. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तक्रार केली, तेव्हापासून ती चहा इमारतीच्या दाराबाहेर नेते, लिफ्टने.